वाङ्मयेतिहासातील 'उत्क्रांती' : संज्ञा की सबब?

१

मराठी वाङ्मयेतिहासात काही शब्द असे आहेत की, ते वापरताना कोणालाही पुरावा द्यावा लागत नाही. 'उत्क्रांती' हा त्यांतील अग्रगण्य. 'मराठी नाटकाची उत्क्रांती', 'लघुकथेची उत्क्रांती', 'उत्क्रांत झालेली काव्यजाणीव' ही शब्दयोजना प्रबंधांच्या शीर्षकांत, अभ्यासक्रमांच्या घटकांत आणि गौरवग्रंथांच्या प्रस्तावनांत इतकी रुळली आहे की, तिच्यात काही विधान केले गेले आहे याचेच भान उरलेले नाही. अमुक कृती आधी झाली व तमुक नंतर, एवढेच सांगायचे असेल तर 'इतिहास' हा शब्द पुरेसा आहे. आधीच्या कृतीतून नंतरच्या कृतीने काही घेतले असे सांगायचे असेल तर 'परंपरा' आहे, 'प्रभाव' आहे. नंतरची कृती आधीच्या कृतीहून सरस आहे असे म्हणायचे असेल तर तसे म्हणण्याचे धैर्य दाखवावे आणि निकष सांगावेत. 'उत्क्रांती' हा शब्द ही तिन्ही विधाने एका दमात करतो आणि तिन्हींची जबाबदारी टाळतो. काळाचा क्रम सिद्ध केला की वंशाचा क्रम सिद्ध झाला, आणि वंशाचा क्रम सिद्ध झाला की मूल्याचा क्रमही आपोआप सिद्ध झाला, अशी ही सोयीची व्यवस्था आहे. वर तिला विज्ञानाचा शिक्का.

हा केवळ शब्दच्छल नाही. ज्या शास्त्रातून ही संज्ञा उचलली त्या शास्त्रात तिचा जो अर्थ आहे, तो मराठी समीक्षेने कधी घेतलाच नाही. जो घेतला तो त्या शास्त्राने कधीच टाकून दिलेला आहे. या अदलाबदलीची किंमत काही कृतींना, काही परंपरांना आणि काही लेखकांना मोजावी लागली. माणसांनी घेतलेले निर्णय या संज्ञेच्या आड निसर्गाचे टप्पे होऊन बसले. म्हणूनच ही संज्ञा तपासणे आवश्यक आहे.

२

प्रथम शब्दाकडे पाहावे. 'उत्' आणि 'क्रम्' यांपासून झालेल्या 'उत्क्रांती'चा जुना अर्थ बाहेर पडणे, वर निघून जाणे असा आहे. ब्रह्मसूत्रांत जीवाने देह सोडून जाणे म्हणजे उत्क्रांती. मरणसमयी द्यावयाच्या गोदानात 'उत्क्रांतिधेनू' येते, ती याच अर्थाने. इंग्रजी 'इव्होल्यूशन'ला पर्याय म्हणून हा शब्द मराठीत रूढ झाला तेव्हा देहत्यागाचा अर्थ मागे पडला, पण 'उत्'मधील ऊर्ध्वगतीची सूचना मात्र कायम राहिली. किंबहुना तीच शब्दाचा प्राण झाली. पुढे 'क्रांती की उत्क्रांती' या राजकीय वादाने त्यात आणखी एक छटा मिसळली: सावकाश, शांतपणे, कोणाला न दुखावता होणारी सुधारणा. म्हणजे वर चढणे आणि हळूहळू चढणे. सामान्य मराठी वाचकाला 'उत्क्रांती' या शब्दातून जे ऐकू येते ते एवढेच.

शेजारच्या भाषांनी वेगळी निवड केली. हिंदीने 'विकास' आणि 'क्रमविकास' घेतले, बंगालीने 'अभिव्यक्ती' आणि 'विवर्तन'. यांपैकी कोणताही पर्याय निर्दोष नाही. विकासात कळीचे फूल होणे आहे, अभिव्यक्तीत आधीच असलेले प्रकट होणे आहे. पण 'विवर्तना'त निदान वर-खाली नाही. मराठीने मात्र नेमका तोच उपसर्ग निवडला, जो शिडीशिवाय उभाच राहू शकत नाही.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही बोधप्रद आहे. गुंडाळी उलगडणे, असा तो. गुंडाळीवर जे लिहायचे ते आधीच लिहिलेले असते. उलगडताना नवे काही घडत नाही, फक्त दिसत नव्हते ते दिसू लागते. अठराव्या शतकातील ज्या गर्भशास्त्रज्ञांना बीजातच संपूर्ण जीव सूक्ष्म रूपाने असतो असे वाटत होते, त्यांनी हा शब्द त्या अर्थाने वापरला. डार्विनने आपल्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हे नाम वापरलेच नाही. त्याचे एक क्रियारूप तेवढे ग्रंथाचा अखेरचा शब्द म्हणून येते. त्याची स्वतःची संज्ञा होती ती परिवर्तनासह होणाऱ्या वंशक्रमाची. त्या संज्ञेतला इंग्रजी शब्द उतरण्याचा आहे, चढण्याचा नाही. 'इव्होल्यूशन' हा शब्द त्याने त्या ग्रंथात घेतला तो १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत, रूढीला मान देऊन. ती रूढी पाडली होती प्रामुख्याने हर्बर्ट स्पेन्सरने.

स्पेन्सरचा प्रगतीच्या नियमावरचा प्रसिद्ध निबंध १८५७ चा आहे, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधीचा. एकजिनसीपणाकडून विविधतेकडे जाणे हा विश्वाचा नियम आहे, असे त्यात प्रतिपादन आहे, आणि काव्य, संगीत व नृत्य ही एकाच मुळातून कशी विभक्त झाली याचे उदाहरणही त्यात आहे. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर आस्थेने वाचले. तेव्हा मराठी विचारविश्वात उत्क्रांतीची कल्पना स्थिरावली ती स्पेन्सरच्या रंगात, प्रगतीशी अभिन्न होऊनच. पुढे टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) सांख्यांच्या प्रकृतिविस्ताराची पाश्चात्त्य उत्क्रांतिवाद्यांच्या, विशेषतः हेकेलच्या मांडणीशी तुलना केली. त्या तुलनेचे औचित्य तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात काय ठरायचे ते ठरो. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने तिचा परिणाम असा की, नव्या संज्ञेला एक परिचित घर मिळाले. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की, कार्य कारणात आधीपासूनच असते. तिळात तेल असते तसे. मराठी वाङ्मयेतिहासकार नाव डार्विनचे घेतो, भाषा स्पेन्सरची बोलतो आणि आचरण सत्कार्यवादाचे करतो. 'यमुनापर्यटना'त (१८५७) 'कोसला' (१९६३) बीजरूपाने होतीच, शंभर वर्षांनी ती उमलली, अशा थाटाची विधाने निर्माण होतात ती यातून. डार्विनच्या मांडणीत तिळात तेल नसते. प्रत्येक भेद नवा असतो. त्याचे पुढे काय होईल हे त्या भेदाला ठाऊक नसते.

३

एका शब्दाखाली तीन भिन्न कल्पना नांदत आहेत. त्या वेगळ्या केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही.

पहिली वाढीची. एक व्यक्ती जन्मते, वाढते, प्रौढ होते, वृद्ध होते, मरते. 'मराठी कादंबरीचे बाल्य', 'कवितेचा बहर', 'संगीत नाटकाचे वार्धक्य' हे शब्दप्रयोग या कल्पनेतून येतात. वाढीला निश्चित दिशा असते आणि टप्पे ठरलेले असतात. पण वाढ ही एका जीवाची असते, वंशाची नव्हे. जातीला बाल्य नसते. घोड्याच्या दूरच्या पूर्वजाला आपण घोड्याचे शिंगरू आहोत असे वाटत नव्हते. तो त्याच्या काळातील पूर्ण वाढलेला प्राणी होता. त्याचप्रमाणे 'यमुनापर्यटन' हे मराठी कादंबरीचे रांगणे नाही. ती विधवांच्या स्थितीविषयी बाबा पदमनजींनी आपल्या हेतूसाठी पूर्ण केलेली कृती आहे आणि तिचा न्याय त्या हेतूने व त्या सिद्धीने व्हायला हवा.

दुसरी कल्पना प्रगतीची: पुढचे ते वरचे. जीवशास्त्राने ही कल्पना आपल्या क्षेत्रातून हद्दपार केली त्याला बराच काळ लोटला. अंधाऱ्या गुहांतील माशांच्या काही जातींची दृष्टी पिढ्यान्‌पिढ्या क्षीण होत नाहीशी झाली. हीदेखील उत्क्रांतीच, 'अपक्रांती' नव्हे. जिवाणू आजही पृथ्वीवर आहेत आणि ते मनुष्य होण्याच्या प्रतीक्षेत नाहीत. साधा आकृतिबंध हा जटिल आकृतिबंधाची प्राथमिक अवस्था असतो, असे जीवशास्त्र मानत नाही; तसे मानतो तो मराठी समीक्षक, श्रावणातली कहाणी आणि नवकथा यांना एका रेषेवर बसवताना.

तिसरी कल्पना सपरिवर्तन वंशक्रमाची, आणि शास्त्रीय संज्ञा म्हणून 'उत्क्रांती'चा अर्थ तो हाच. तिचे घटक तीन: एकाच काळी अनेक भेद अस्तित्वात असणे, परिस्थितीनुसार त्यांतील काहींची निवड होणे, आणि निवडलेले पुढच्या पिढीकडे प्रत्यक्ष संक्रमित होणे. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती शिडीची नसून फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाची आहे. त्यातील बहुसंख्य फांद्या मध्येच खुंटतात.

पहिल्या दोन कल्पनांचा तिसरीशी घोटाळा करण्याचे श्रेय एकट्या मराठीला देता येणार नाही. शोकात्मिका अनेक बदलांतून जाऊन आपले स्वरूप गाठल्यावर थांबली, असे ॲरिस्टॉटलनेच लिहून ठेवले आहे. फ्रेंच समीक्षक ब्रूनतिएर याने १८९० मध्ये वाङ्मयप्रकारांच्या उत्क्रांतीवर ग्रंथ लिहून त्या घोटाळ्याला विज्ञानाचा पोशाख चढवला. त्याच्या हिशेबात फ्रेंच शोकात्मिका जन्मली, कोर्नेयच्या काळी प्रौढ झाली, व्होल्तेरच्या काळी म्हातारी झाली आणि मेली. नाव डार्विनचे, आलेख मात्र एका देहाच्या आयुष्याचा. रेने वेलेकने १९५६ च्या आपल्या निबंधात या भूमिकेची यथायोग्य चिकित्सा केली. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये, रशियन रूपवाद्यांपैकी तिन्यानोव्हने वाङ्मयीन उत्क्रांतीचा वेगळा अर्थ लावला होता: एका व्यवस्थेच्या जागी दुसरी येणे, कडेचे प्रकार केंद्रात येणे, केंद्रातले कडेला जाणे. श्क्लोव्हस्कीला तर वाङ्मयाचा वारसा बापाकडून मुलाकडे न जाता काकाकडून पुतण्याकडे जाताना दिसला. मराठी विद्यापीठांत रूपवादाची ओळख होऊनही बराच काळ झाला. रूपवाद्यांची 'अपरिचितीकरण' ही संज्ञा उत्साहाने उचलली गेली. वाङ्मयेतिहासाविषयी त्यांनी जे सांगितले ते मात्र उचलायचे राहून गेले.

४

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. मराठी नाटकाचा 'उत्क्रांतिक्रम' परीक्षेतील उत्तरासारखा पाठ आहे. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. ते ओबडधोबड, 'अलल्डुर्र' करणाऱ्या राक्षसांचे. मग १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि नाटकाला सौष्ठव लाभले. मग देवलांची 'शारदा' (१८९९) आली आणि सामाजिक आशय आला. मग 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' करून वास्तववाद आणला. मग तेंडुलकर आले आणि नाटक वयात आले. एकेक पायरी, एकेक पाऊल.

या शिडीची प्रत्येक पायरी तपासून पाहावी. भाव्यांच्या आधी मराठीत नाटक नव्हते काय? तंजावरच्या शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे आहे, आणि त्या दरबारात मराठी नाटके दीर्घकाळ लिहिली गेली. पण भाव्यांच्या खेळाचा वंश तंजावरशी जोडता येत नाही. कर्नाटकातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी तसे मराठीत करण्याची इच्छा व्यक्त केली आणि भाव्यांनी ती पुरी केली. म्हणजे मराठी रंगभूमीचा तथाकथित पहिला पूर्वज कन्नड आहे, आणि मराठीतील अधिक जुनी फांदी या झाडाशी जोडलेलीच नाही. पुढची पायरी 'शाकुंतल'. तिचा आशय कालिदासाचा, आणि संगीताच्या योजनेमागे पारशी रंगभूमीच्या खेळाची प्रेरणा. भाव्यांचा खेळ सुधारत सुधारत 'शाकुंतल' झाला नाही. 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक तर नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले. अखेरच्या पायरीवर १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' ठेवायचे म्हटले, तर ते कीर्तन, तमाशा, दशावतारी खेळ यांच्याकडे गेलेले दिसते. म्हणजे शिडीच्या सिद्धांतानुसार जे केव्हाच मागे पडायला हवे होते त्याच्याकडे.

थोडक्यात, जिला एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची शिडी म्हटले जाते तिच्या प्रत्येक पायरीवर नवे काही आले ते खालच्या पायरीवरून वर चढून नव्हे, तर कडेच्या दाराने. कर्कीहून आले, पारशी थिएटरातून आले, नॉर्वेहून आले, कोकणातल्या देवळापुढच्या मांडवातून आले. 'उत्क्रांती' म्हणून जे सांगितले गेले तो तारखांचा क्रम आहे. वंशाचा क्रम त्यावर कल्पनेने चिकटवलेला आहे.

तारखांचा क्रमही सोयीप्रमाणे निवडलेला. संगीताकडून गद्याकडे ही 'स्वाभाविक' दिशा मानायची तर विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे'चे काय करायचे? ते गद्य नाटक १८६१ चे, 'शाकुंतला'च्या एकोणीस वर्षे आधीचे. शिडीच्या हिशेबात ते दुसऱ्या नव्हे, चौथ्या पायरीवर हवे होते. म्हणून त्याला 'अकाली' म्हटले जाते. अकाली हा शब्द येथे मोठा उद्‌बोधक आहे. ज्या काळात कृती घडली तो काळ चुकला, इतिहासकाराचा आराखडा मात्र चुकला नाही, असा त्याचा आशय. झाडाच्या चित्रात अकाली काहीच नसते. एकाच काळी अनेक भेद असतात. भाव्यांचा खेळ, 'बुकिश' म्हणून हिणवले गेलेले छापील नाटक, फार्स, तमाशा हे सारे शेजारी शेजारी जगत होते. प्रश्न असायला हवा तो असा: त्यांतील कोणाला पुढची पिढी लाभली, कोणाला नाही, आणि का?

५

हा 'का' विचारला की 'उत्क्रांती' या शब्दाखाली काय झाकले गेले ते दिसू लागते.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. शूद्र शेतकरी दांपत्य, त्यांना फसवणारा जोशी आणि शिक्षणाचा उपाय हा त्याचा विषय. देव-राक्षसांच्या खेळांच्या ऐन काळात, 'शारदे'च्या ४४ वर्षे आधी, समकालीन सामाजिक आशयाचे गद्य नाटक. फुल्यांनीच 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवले आहे की, हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते आणि तेथील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. ते छापून वाचकांसमोर आले १९७९ मध्ये. मधली सव्वाशे वर्षे मराठी नाट्येतिहास निर्धास्तपणे सांगत राहिला की, सामाजिक नाटक 'उत्क्रांत' व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

हे वाक्य नीट ऐकावे. 'सामाजिक नाटक उत्क्रांत झाले.' क्रियापद अकर्मक आहे. कोणी काही केले नाही, झाले. कोणी कोणाला नाकारले नाही, छापायचे टाळले नाही, बक्षिसाच्या यादीतून वगळले नाही. काळ परिपक्व झाला आणि फळ गळून पडले. एका समितीचा निर्णय येथे ऋतुमानात जमा झाला. या संज्ञेवरचा मुख्य आक्षेप आहे तो हाच. ती कर्त्याला वाक्यातून बाहेर काढते. शास्त्रीय अर्थाने ती वापरली असती तर उलट झाले असते. निवड कोणत्या यंत्रणेने केली हे सांगितल्याशिवाय त्या अर्थाचे वाक्य पूर्णच होत नाही. वाङ्मयात ती यंत्रणा निसर्गाची नसते. दरबार असतो, पारितोषिक समिती असते, छापखाना असतो, तिकीटबारी असते, पाठ्यपुस्तक मंडळ असते. डार्विनने आपल्या ग्रंथाचा आरंभ रानातल्या प्राण्यांपासून केला नाही. पहिल्या प्रकरणात तो कबुतरे पाळणाऱ्यांविषयी लिहितो, जे आपल्या आवडीची पिसे आणि चोची निवडून पिढ्यान्‌पिढ्या जोपासतात. वाङ्मयेतिहासकाराला डार्विनकडून काही शिकायचे असेल तर ते या प्रकरणातून. येथे निवडणारे हात माणसांचे आहेत, आणि त्यांत समीक्षकाचाही हात आहे. 'उत्क्रांती' म्हणून तो जेव्हा मागे सरून उभा राहतो तेव्हा कबुतरे पाळणाराच कबुतरांच्या नैसर्गिक इतिहासाचा साक्षीदार होऊ पाहत असतो.

येथे दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. 'तृतीय रत्न' उपलब्ध झाल्यावर काही अभ्यासकांनी तेच उचलून शिडीच्या पहिल्या पायरीवर बसवले: येथून आरंभ, येथून 'उत्क्रांती', आणि शेवटी दलित रंगभूमी. या न्यायबुद्धीविषयी आदर बाळगूनही ही मांडणी मान्य करता येत नाही. जे नाटक छापलेलेच नव्हते त्याने पुढच्या पिढीच्या नाटकांना जन्म दिला असे म्हणणे म्हणजे दक्षिणा कमिटीच्या निर्णयाचा परिणाम शून्य होता असे म्हणणे. त्या निर्णयाने एक फांदी छाटली गेली. तिचे वंशज असायला हवे होते ते झालेच नाहीत. सत्यशोधक जलसे आणि पुढचे आंबेडकरी जलसे उभे राहिले ते तमाशाची चौकट बदलून. फुल्यांचा विचार त्यांच्या मागे होता. फुल्यांचे नाटक मागे होते, असे म्हणण्यास आधार हवा. विचाराचा वारसा आणि आकृतिबंधाचा वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्यायाने तोडलेला दुवा इतिहासकाराने मागाहून जोडून दाखवला तर अन्यायाची निशाणीच पुसली जाते. खुंटलेली फांदी खुंटलेली म्हणून दाखवणे हाच तिचा खरा सन्मान.

आत्मचरित्राच्या इतिहासातही हीच चूक होते. बहिणाबाईंचे आत्मपर अभंग, दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र, रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आणि शेवटी 'बलुतं' (१९७८), अशी माळ ओवली जाते. दादोबांनी लिहिले एकोणिसाव्या शतकात, पण अ. का. प्रियोळकरांच्या संपादनाने ते ग्रंथरूपाने आले १९४७ मध्ये. लेखनकालाच्या यादीत ते रमाबाईंच्या आधी येते; वंशावळीत ते त्यांचे पूर्वज होऊ शकत नाही. साम्य म्हणजे वंश नव्हे. वटवाघळाला पंख आहेत म्हणून ते पक्ष्यांच्या कुळातले ठरत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वाङ्मयेतिहासात मात्र साम्य दिसले की कूळ ठरते.

६

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात.

पहिला असा की, 'उत्क्रांती' हे निव्वळ रूपक आहे. रूपकाला शास्त्राच्या काट्यावर तोलणे रसिकपणाचे नाही. रूपक असेल तर ते रूपक म्हणून वापरावे. पण रूपक म्हणून वापरणारा त्यातून निष्कर्ष काढीत नाही. 'मुखचंद्र' म्हणणारा कवी मुखाला ग्रहण लागण्याची तिथी काढायला बसत नाही. येथे मात्र रूपकावरून तिथ्या काढल्या जातात: हे आधीचे म्हणून प्राथमिक, हे साधे म्हणून अविकसित, हे मौखिक म्हणून पूर्वावस्थेतले. लावणी, पोवाडा, जात्यावरची ओवी यांना 'प्राथमिक' ठरवले गेले ते अशा रूपकाच्या जोरावर. जात्यावरची ओवी ज्ञानेश्वरीची अपुरी आवृत्ती नाही. ती तिच्या आधी होती, तिच्या काळात होती आणि तिच्यानंतरही शतकानुशतके बायकांच्या ओठी राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रगतीची कल्पना काढून घेतली तर मूल्यमापनाला आधार काय? सारेच भेद समान, सारेच टप्पे सारखे, म्हणजे समीक्षेचा मृत्यूच नव्हे काय? याचे उत्तर असे की, मूल्यमापन ही समीक्षकाची स्वतःची कृती आहे. ती त्याने कॅलेंडरवर सोपवू नये. 'पण लक्षात कोण घेतो' ही श्रेष्ठ कादंबरी आहे, असे म्हणायचे असेल तर यमूच्या निवेदनाची रीत, तिच्या आवाजाचा पल्ला, घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या दुःखाला मिळालेला विस्तार यांच्या आधारे म्हणावे. ती 'यमुनापर्यटना'नंतर आली या आधारे नव्हे. उत्क्रांतीची शिडी मूल्यमापनाला आधार देत नाही. ती मूल्यमापन करण्यापासून सुटका देते.

तिसरा आक्षेप असा की, सातत्य तर खरेच असते. ते कोणत्या शब्दात सांगायचे? ते सांगता येते, आणि मराठीत सांगितलेही गेले आहे. गं. बा. सरदारांनी आपल्या ग्रंथाला 'अर्वाचीन मराठी गद्याची पूर्वपीठिका' असे नाव दिले. कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' असे. 'पूर्वपीठिका' म्हणजे ज्यावर पुढचे उभे राहिले ते. 'पहिले शतक' म्हणजे केवळ काळाची मर्यादा. दोन्ही शीर्षके आपण किती सांगणार याविषयी प्रामाणिक आहेत. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींचा शोध घेताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) अशी तीन वेगळी उगमस्थाने मानली. त्यांच्या मूल्यनिर्णयांशी मतभेद होऊ शकतात. पण एक रेष टाकून अनेक धारा मानणे हे झाडाच्या चित्राकडे टाकलेले पाऊल होते, आणि कोणती धारा आपल्याला महत्त्वाची वाटते हे सांगताना त्यांनी निसर्गाला साक्षीला बोलावले नाही. आवडनिवड उघडपणे आपल्या नावावर घेतली. वाद घालायचा तर अशा भूमिकेशी घालता येतो. शिडीशी वाद घालता येत नाही.

वाङ्मयाचे झाड आणि जीवांचे झाड यांत एक मोठा भेद आहे, तोही येथेच नोंदवायला हवा. जीवसृष्टीत दूर गेलेल्या फांद्या सहसा पुन्हा जुळत नाहीत. संस्कृतीत त्या वरचेवर जुळतात. कर्कीची फांदी सांगलीत येऊन मिळते, नॉर्वेची मुंबईत. खुंटलेली फांदीही सव्वाशे वर्षांनी छापली जाते आणि तिला नवे अंकुर फुटू शकतात. तेव्हा काटेकोर शास्त्रीय अर्थानेही ही संज्ञा वाङ्मयाला पूर्णपणे लागू पडत नाही. जिचा शास्त्रीय अर्थ अपुरा आणि रूढ अर्थ अपायकारक, अशा संज्ञेवर वाङ्मयेतिहासाने इतके अवलंबून राहावे याचे आश्चर्य वाटते.

म्हणून मागणी मर्यादित आहे. ज्याला बदल सांगायचा असेल त्याने 'स्थित्यंतर' म्हणावे. ज्याला एका लेखकाची वाढ सांगायची असेल त्याने 'वाढ' किंवा 'विकास' म्हणावे. एका माणसाच्या बाबतीत ते शब्द खरे आहेत. ज्याला श्रेष्ठत्व सांगायचे असेल त्याने निकषांसह ते सांगावे. आणि ज्याला 'उत्क्रांती' म्हणायचेच असेल त्याने तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत: त्या काळी दुसरे कोणते भेद अस्तित्वात होते? त्यांतून निवड कोणी आणि कशाच्या बळावर केली? आणि निवडलेले पुढच्या हातांत कोणत्या वाटेने पोहोचले? या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा प्रबंध लिहिला गेला तर त्याच्या शीर्षकात 'उत्क्रांती' हा शब्द असण्याला कोणाचीच हरकत असू नये. मात्र तसा प्रबंध लिहिणाऱ्याला दरबारांचे दफ्तर, पारितोषिक समित्यांचे कागद, छापखान्यांचे हिशेब आणि नाटक मंडळींच्या वह्या धुंडाळाव्या लागतील. केवळ ग्रंथसूचीची कालानुक्रमे मांडणी करून भागणार नाही.

संस्कृतात 'उत्क्रम' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: क्रम उलटणे, क्रमाचे उल्लंघन. गणितज्योतिषातील 'उत्क्रमज्या' ही उलट्या क्रमाने मोजली जाते म्हणून तिचे ते नाव. 'उत्क्रांती' या शब्दाचा मोह सुटतच नसेल तर वाङ्मयेतिहासकारांनी त्याच्या कुळातला हा अर्थ तरी लक्षात ठेवावा. १८६१ चे गद्य नाटक १८८० च्या संगीत नाटकाआधी येते, १८५५ चे नाटक १९७९ मध्ये वाचकाच्या हाती पडते, आणि १९७२ चे नाटक दशावताराकडे वळते, अशा इतिहासाला तो अर्थ अधिक जवळचा आहे.